प्रतिसाद : मोठ्या सेन्सरच्या आधी लेन्सचा हिशेब

एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचा) कॅमेरा विकून मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम घेतल्यास ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहातील रात्रीच्या सभांची छायाचित्रे सुधारतील का, असे आपण विचारले आहे. सुधारतील, मात्र किती, ते आधी पाहावे. फुल फ्रेम सेन्सर सुमारे ३६ × २४ मिलिमीटरचा आणि एपीएस-सी सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असल्यामुळे क्षेत्रफळ साधारण २.३ पट होते, आणि लेन्सचे छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट) व शटरवेग तेच ठेवल्यास मिळणारा लाभ एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा अधिक भरतो. याउलट, आपली किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) ५५ मिलिमीटरच्या टोकाला एफ/५.६ वर अडकते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), तर ५० मिलिमीटर एफ/१.८ ही तुलनेने स्वस्त लेन्स आजच्याच कॅमेऱ्यावर तीन स्टॉपहून अधिक प्रकाश देते. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत, यात नवल नाही.

शिवाय मोठ्या सेन्सरवर तीच चौकट त्याच छिद्राला टिपली, तर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढे अंतर स्पष्ट दिसते ते, कमी होते; गायक आणि मागचा तानपुरा दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर छिद्र लहान करावे लागेल आणि मिळवलेला स्टॉप तिथेच खर्ची पडेल. जुन्या एपीएस-सी लेन्स नव्या फुल फ्रेम बॉडीवर (लेन्सविना कॅमेऱ्यावर) लावल्यास सेन्सरचा मधला भागच वापरला जातो आणि २४ मेगापिक्सेलपैकी जेमतेम १० उरतात, हेही ध्यानात घ्यावे.

चंबळ नदीतील घडियालांची (लांब तोंडाच्या मगरींची) छायाचित्रे दुरून घ्यायची असतील, तर मात्र जुनी बॉडी विकू नये, कारण तिच्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरील ४५० मिलिमीटरच्या लेन्सइतकी जवळची चौकट देते.