मदत हवी आहे: आईचं पित्त की हृदयाचा त्रास?

आई ६४ वर्षांची, बरीच वर्षं मधुमेह. ती कणकवलीजवळच्या गावात, मी पुण्यात. सोमवारी पहाटे तिला दरदरून घाम फुटला, मळमळलं, जबडा आणि डावा खांदा भरून आला. छातीत कळ मात्र अजिबात नाही. पित्त समजून कोकम सरबत घेऊन ती पडून राहिली. अर्ध्या तासाने बरं वाटलं म्हणे. मला कळलं काल रात्री!

मधुमेह असला की छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो, बायकांमध्ये तर जास्तच, म्हणून भावाने आज सकाळीच नेऊन ईसीजी काढला. तो नॉर्मल आला आणि आईने पुढच्या तपासण्यांना साफ नकार दिला. पण एक ईसीजी नॉर्मल म्हणजे धोका टळला असं नसतं ना? ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) चार दिवसांनी केलं तर कळेल का?

पुन्हा असं झालं तर लगेच १०८ लावायचा, हे घरात ठरलंय. पण अँजिओप्लास्टीसाठी कोल्हापूर गाठावं की गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल? रात्री घाट उतरायला-चढायला किती वेळ जातो? तिकडच्या कुणी अनुभव घेतला असेल तर कृपया सांगा. आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या आईला तुम्ही कसं तयार केलंत?