आधी ब्रेक, एक्झॉस्ट नंतर

दादा, तुम्ही विचारलंत की जुन्या सॅन स्टॉर्मला, म्हणजे त्या दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स कारला, आधी फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर) बसवू का, तर माझं ऐका, आधी ब्रेक बघा. माझी पण स्टॉर्मच, म्हापशाला घरच्या अंगणात असते, फायबर बॉडी म्हणून गंजाची भीती नाही असं मलाही वाटायचं, पण खालचे ब्रेक पाइप लोखंडाचेच ना, आपला पाऊस नि खारी हवा त्यांना सोडत नाही. गेल्या वर्षी चोर्ला घाट उतरताना पेडल एकदम स्पंजासारखं झालं, काळजात धस्स झालं हो! घरी येऊन ब्लीड निपल (ब्रेकमधलं ऑइल नि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सोडला तर ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलं की तीच हद्द १५५ च्या आसपास येते, मग घाटात वाफ होते नि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलाच. निपल गंजलेला असेल तर जोर लावू नका, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा आणि रिंग पानाच वापरा, नाहीतर तुटतो. सिलिकॉनवालं डॉट ५ मात्र चुकूनही यात मिसळू नका.