जुनी अॅक्रिलिक टाकी दुरुस्ती आणि घरी केलेला रीफ दगड: सांधे, चरे, सिमेंट, पीएच

निपाणी_खारंपाणी

नमस्कार मंडळी. ४ × १.५ × १.५ फुटांची वापरलेली अॅक्रिलिक टाकी घेतलीय. शीट १२ मिमी, वर चारी बाजूंनी ३ इंची पट्टी जोडलेली. पुढच्या काचेवर (अॅक्रिलिकच, पण सवयीने काच म्हणतो) आतून-बाहेरून चरे आहेत, काहींत नख अडकतंय. वरच्या कडेला पांढरा खार जमलाय. मागच्या डाव्या कोपऱ्याचा सांधा चार-पाच इंच दुधाळ दिसतो. आधी तिच्यात कुठली औषधं घातली होती ते कळायला मार्ग नाही.

रीफ (खाऱ्या पाण्यातली प्रवाळांची टाकी) करायचा आहे आणि दगड घरीच सिमेंटचा करायचा विचार आहे. तर:
१. कोपऱ्याला सिलिकॉन मारून भागेल का?
२. चरे काढायला कुठला पेपर, कुठपर्यंत?
३. व्हाइट सिमेंट की साधं? प्रमाण काय?
४. दगड पाण्यात किती दिवस ठेवायचा? घरचं पाणी बोअरचं आहे, टीडीएस ७०० च्या पुढे.

उद्यमबाग_शीटवाला

चरे राहू देत, आधी सांधे बघा. सांधा गेलेला असेल तर पॉलिशला घातलेले दोन दिवस पाण्यात.

रात्री लाइट बंद करा आणि टॉर्च शीटच्या कडेतून आत मारा. सांध्यात तीन प्रकार दिसतात. गोल बुडबुडे म्हणजे जोडताना राहिलेली हवा. विखुरलेले असतील तर चालतात. चांदीसारखी चमकणारी सलग पट्टी म्हणजे सांधा सुटलाय. आणि सांध्यापासून शीटच्या आत शिरणाऱ्या केसासारख्या बारीक चमकत्या रेघा म्हणजे क्रेझिंग, शीट ताणाने आतून तडकलीय. क्रेझिंग पुढच्या किंवा तळाच्या शीटला असेल तर खारं पाणी भरायचं नाव काढू नका. त्या टाकीचा कोरडा उपयोग करा.

सिलिकॉनचं उत्तर: नाही. अॅक्रिलिकला ते नुसतं चिकटून बसतं, धरत नाही. महिना-दोन महिन्यांत सालीसारखं निघतं. अॅक्रिलिकचा सांधा द्रावकाने विरघळवूनच एकजीव करावा लागतो.

खार काढायला व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे. टिश्यू भिजवून कडेला चिकटवा, दोन तास ठेवा, मऊ कापडाने पुसा. ब्लेड नको. काच पुसायचा निळा स्प्रे, थिनर, स्पिरिट, अॅसिटोन यातलं काहीही टाकीच्या आसपास आणू नका. अमोनिया आणि अल्कोहोल लागलं की ताण असलेल्या जागी क्रेझिंग सुरू होतं, कधी कधी डोळ्यांदेखत.

निपाणी_खारंपाणी

टॉर्च मारून बघितलं. क्रेझिंग कुठेच नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यात खालून साधारण पाच इंच चांदीची पट्टी आहे, बाकी ठिकाणी बुडबुडे.

उद्यमबाग_शीटवाला

मग जमेल. सुटलेल्या फटीत नुसतं पातळ द्रावक सोडून उपयोग नाही, कारण आत खार आणि शेवाळ गेलेलं असतं. आतल्या बाजूने कोपऱ्यात १० मिमीची चौकोनी अॅक्रिलिक पट्टी बसवा आणि ती पाच नव्हे, पूर्ण उंचीची घ्या. अर्धी पट्टी जिथे संपते तिथे नवा ताण तयार होतो.

साइनबोर्डवाल्यांकडे मेथिलीन क्लोराइड मिळतं, बोलताना एमडीसी म्हणतात. बरेच जण क्लोरोफॉर्म वापरतात. चिकटतं तेही, पण पाण्याच्या दाबाखालच्या सांध्याला एमडीसीच घ्या. काचेच्या बाटलीत एमडीसीमध्ये अॅक्रिलिकचा चुरा टाकून रात्रभर ठेवा. मधासारखा घट्ट झाला की तयार. कोपरा व्हिनेगरने धुऊन, साध्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळू द्या. पट्टीच्या दोन्ही बाजूंना हा गोंद लावून दाबून बसवा, चिकटपट्टीने धरा. टाकी त्या कोपऱ्यावर तिरकी ठेवली तर गोंद ओघळत नाही. चोवीस तासांनी हलवायला हरकत नाही, पाणी मात्र सात दिवसांनी.

हे काम उघड्यावर करा. वाफ डोक्यात जाते, आणि नायट्रिल हातमोज्यातून एमडीसी मिनिट-दोन मिनिटांत पार होतं. मोजा ओला झाला की लगेच बदला. थेंब पुढच्या शीटवर पडू देऊ नका, पडलाच तर पुसू नका. आपोआप उडू द्या. पुसलात की डाग फासला जातो.

आता चरे. नख अडकतंय तिथे ४०० नंबरच्या वॉटरपेपरपासून सुरुवात, मग ६००, ८००, १०००, १५००, २०००. नख न अडकणाऱ्या चऱ्यांना थेट ८०० घ्या. पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळा, बादलीत भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि पेपर सतत ओला ठेवा. एका नंबरला आडवं घासलं तर पुढच्याला उभं. आधीच्या रेघा उरल्यात का ते असं लगेच कळतं. नंबर बदलताना शीट, ठोकळा, हात, बादली सगळं धुवा. ४०० चा एक कण १५०० च्या पेपरखाली आला की परत मागे जावं लागतं. नुसत्या चऱ्यावर घासू नका, तिथे खळगा पडतो आणि मासा त्यामागून गेला की लांबट दिसतो. चऱ्याच्या भोवती वीतभर तरी पसरून घासा.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: आतून २००० पर्यंत आलात की थांबा. अॅक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो त्याचं माप) १.४९, पाण्याचा १.३३, हवेचा १; फरक जितका कमी तितके ओरखडे कमी दिसतात. आतल्या बाजूचा पुसटपणा पाणी भरलं की जवळजवळ नाहीसा होतो. खात्री हवी तर ओला हात फिरवून बघा. बाहेरची बाजू मात्र पूर्ण चमकवावी लागते: २००० नंतर प्लास्टिकसाठीचं पॉलिश, आधी जाड मग बारीक. गाडीचं रबिंग कंपाउंड घेणार असाल तर डब्यावर अमोनिया, सिलिकॉन, मेण नाही हे वाचा. मशीन लावलंत तर फोमचा पॅड, वेग १००० फेऱ्यांच्या आसपास, आणि एका जागी रेंगाळायचं नाही. १०० अंशांच्या आसपास अॅक्रिलिक मऊ पडतं, पॅडखाली ते बघता बघता होतं. सांध्याच्या दोन इंच परिसरात मशीन नकोच.

पाण्याची चाचणी तीन टप्प्यांत: एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण, प्रत्येकी २४ तास. खाली १८ मिमी प्लाय, पूर्ण सपाट. अॅक्रिलिकच्या तळाला सगळीकडून आधार लागतो, चार कोपऱ्यांवर चालत नाही. भरल्यावर आत २५५ लिटर म्हणजे तेवढेच किलो. पुढची शीट मधोमध दोरी ताणून मोजा: ३-४ मिमी फुगवटा या मापाला ठीक, ६ च्या पुढे गेला तर वरच्या पट्ट्या तपासा.

कणकुंबी_रीफ

दगडाचं मी सांगतो.

आधी एक. बाजारात कुणी "मेलेलं कोरल आहे, चालतं" म्हणून तुकडे दिले तर घेऊ नका. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मेलेला तुकडाही त्यातच मोडतो. आपल्याकडे घरच्या दगडाला खरं कारण हेच आहे, पैसे नंतर.

सिमेंट व्हाइट घ्या, त्यात लोह कमी असतं. दुकानदार व्हाइट सिमेंट मागितल्यावर वॉलपुट्टी हातात देतो; पुट्टीत पॉलिमर असतात, ती नको. पिशवीवर "व्हाइट पोर्टलँड सिमेंट" लिहिलेलं बघून घ्या. साधं घ्यायचंच तर ५३ ग्रेड ओपीसी (राख न मिसळलेलं साधं पोर्टलँड). पीपीसीमधली (राख मिसळलेलं सिमेंट) फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची राख, सिमेंटातून सुटून पीएच चढवणारा चुना बांधून घेते हे खरं, पण राखेतून कुठले धातू येतील ते पोत्यागणिक बदलतं. वॉटरप्रूफिंगची पुडी तर अजिबात नको.

भरड म्हणून कोंबडीखाद्याच्या दुकानातला शिंपल्यांचा ग्रिट उत्तम. मासळीबाजारातून तिसऱ्यांची किंवा कालवांची टरफलं मिळाली तर उकळून, घासून, दोन आठवडे उन्हात ठेवून मग फोडा. मांस राहिलं तर टाकीत फॉस्फेट सुटतं. शंका असली की व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर चुनकट, नाही तर नदीची वाळू.

प्रमाण मापाने, वजनाने नाही: सिमेंट १, ग्रिट २, मीठ २. मीठ खडेमीठच, निम्मं जाड आणि निम्मं फोडलेलं. मीठ नंतर विरघळून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात, पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यातच राहणार. ५ किलो सिमेंटला साधारण ९ लिटर ग्रिट आणि ९ लिटर मीठ लागतं, शेवटी १८ किलोच्या आसपास दगड हाती येतो. तुमच्या टाकीला आतून पोकळ केला तर तेवढा पुरे.

आधी सिमेंट आणि ग्रिट कोरडं कालवा, मग थोडं थोडं पाणी. ५ किलोला दोन लिटरच्या आतच. थालीपिठाच्या पिठापेक्षा कोरडं हवं: मुठीत दाबलं तर लाडू व्हावा, बोटाने ढोसलं तर फुटावा. मीठ सगळ्यात शेवटी टाकून चार-पाच वेळाच वरखाली करा. आधी टाकलंत किंवा पाणी जास्त झालं की मीठ तिथेच विरघळतं आणि पोकळ्यांऐवजी गुळगुळीत वीट हातात येते. मिठाचं माप तीनवर नेलं तर दगड बोटाने चुरतो.

साचा म्हणजे टबात ओली वाळू. खड्डा करा, मिश्रण सैल टाका, थापू नका. गुहेसाठी मध्ये ओल्या वाळूचे मुटके ठेवा, वरून परत मिश्रण. जाडी दीड ते दोन इंच. तार, सळी काही नको, गंजते. हातात रबरी मोजे घाला, ओलं सिमेंट कातडी खातं. प्लास्टिकने झाकून ४८ तासांनी उचला. मिठामुळे ते उशिरा धरतं, घाई केली तर मधोमध तुटतं. आणखी चार दिवस झाकूनच ठेवा, मग ड्रममध्ये.

पहिला आठवडा रोज पाणी बदला, मीठ आणि मोकळा चुना दोन्ही निघतात. त्या पाण्याचा पीएच १२ च्या आसपास असतो, तुळशीला घालू नका. नंतर दोन-तीन दिवसांनी, चौथ्या आठवड्यापासून आठवड्याला. मध्ये मध्ये एखादा दिवस दगड बाहेर वाळू द्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांत शिरतो आणि चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. पाण्यावर पांढरा पापुद्रा येतोय तोवर काम बाकी आहे. एकूण सहा ते आठ आठवडे धरा.

बोअरचं पाणी मात्र वापरू नका. जड पाण्यातलं बायकार्बोनेट दगडाच्या पृष्ठावरच चुन्याशी मिळून साका धरतं, छिद्रं बुजतात आणि आतला चुना आतच राहतो. मग टाकीत महिन्याभराने पीएच वर चढायला लागतो आणि माणूस टाकीच्या पाण्यात घालायच्या मिठाच्या ब्रँडला शिव्या देतो. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. जूनमध्ये दगड पाडून पागोळीखाली ड्रम लावला की आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडे तर पाणी बदलायचं कामच उरत नाही.

शेवटी दगड आरओच्या पाण्यात झाकणबंद बादलीत ४८ तास ठेवा. पीएच ८.४ च्या खाली असेल तर टाकीत जाऊ द्या.

चिकोडी_५५

बाकी सगळं मान्य, शेवटची चाचणी नाही. शुद्ध पाण्यात नुसतं कॅल्शियम कार्बोनेट बंद ठेवलं तरी पीएच ९.९ पर्यंत जाऊ शकतो, हवेशी समतोल झाल्यावरच तो ८.३ च्या आसपास येतो. झाकणबंद आरओच्या बादलीत चांगला दगडही नापास होईल आणि तुम्ही उगाच दोन महिने पाणी बदलत बसाल.

दोन बादल्या घ्या. दोन्हींत एकाच वेळी कालवलेलं खारं पाणी, घनता १.०२५, दोन्हींत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड). एकीत दगड बुडेल इतकंच पाणी, दुसरीत दगड नको, नुसतं पाणी. तीन दिवसांनी दोन्हींचा पीएच आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात) मोजा. पीएचचा फरक ०.१ च्या आत आणि अल्कलिनिटीचा १ डीकेएचच्या आत असेल तर दगड तयार. मीटर ७ आणि १० च्या द्रावणावर लावून घ्या, थेंबांच्या किटने ०.१ कळत नाही. दगडाच्या बादलीत पांढरं धुकं दिसलं तर मोजायचीही गरज नाही, परत ड्रममध्ये.

सुरुवातीच्या आठवड्यांत किट वाया घालवू नका. चिमूटभर हळद पाण्यात टाका. लालसर झाली म्हणजे पीएच साडेआठच्या वर आहे, आणखी ठेवा. पिवळी राहायला लागली की मीटर काढा.

व्हिनेगरमध्ये बुडवून लवकर होतं म्हणतात त्यांचं ऐकू नका. वरची साल खाल्ली जाते, दोन दिवस पीएच छान दिसतो, मग आतला चुना नव्याने उघडा पडतो.

कणकुंबी_रीफ

बरोबर, झाकणबंद आरओचा मुद्दा चुकला. बादली उघडी आणि एअरस्टोनसकट हवी. दोन बादल्यांची रीत जास्त चांगली.

निपाणी_खारंपाणी

फार उपयोग झाला. दोन शंका उरल्या. खानापूरकडचा जांभा दगड जाळीदार असतो, सिमेंटऐवजी तोच का नको? आणि टाकीत आधी तांबं असलेलं औषध पडलं असेल तर?

चिकोडी_५५

जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं, छिद्रांत माती. महिनोन्महिने तांबडं पाणी सुटत राहतं. गोड्या पाण्यात हौस म्हणून ठीक, रीफमध्ये नको. शेताच्या काळ्या मातीतले चुनखडीचे खडेही नकोत, त्यांतही चिकणमाती अडकलेली असते.

तांब्याचं म्हणाल तर मोरचूद घातलेली टाकी म्हणून घाबरायचं कारण नाही. अॅक्रिलिक तांबं फारसं धरत नाही, ते त्या पांढऱ्या खारात आणि जुन्या वाळूत बसतं. वाळू फेका, खार व्हिनेगरने पूर्ण काढा. नंतर खारं पाणी भरून आठवडाभर पंप चालवा आणि तांब्याच्या किटने मोजा. किटवर शून्यच आलं पाहिजे, गोगलगाय आणि कोळंबीला अगदी थोडंही सोसत नाही.

उद्यमबाग_शीटवाला

दगड लावताना माझं एक ऐका. तो शीटपासून चार इंच लांब ठेवा, हात आणि खरवडणी आत गेली पाहिजे. खाली पीव्हीसी पाइपचे तुकडे पाय म्हणून द्या, दगड आधी आणि वाळू नंतर. आणि चुंबकाच्या ब्रशमध्ये वाळूचा कण अडकला की सगळं पॉलिश परत ४०० वर, म्हणून वाळूलगतचे दोन इंच जुन्या एटीएम कार्डाने खरवडा.