‘लाइव्ह ॲट लीड्स’मधली चटचट: दोष तबकडीचा की मूळ ध्वनिमुद्रणाचा?

जुनी तबकडी:
‘द हू’ या ब्रिटिश बँडची ‘लाइव्ह ॲट लीड्स’ ही १९७० सालची एलपी नुकतीच माझ्या हाती आली. तबकडी धुतली, सुई बदलली, तरीही मधूनमधून चटचट ऐकू येतेच. १९९५ साली निघालेल्या सीडीत मात्र ती जवळजवळ नाही. माझी तबकडी खराब आहे, की सीडी काढताना काही पुसून टाकले आहे? शिवाय गिटार आणि बास (खालच्या सुरांची गिटार) दोन्ही इतके भरभरून वाजतात, की कोणता सूर कोणाचा हे माझ्या कानाला वेगळे काढता येत नाही. हे मुद्रण नीट ऐकायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

ध्रुवपद:
आधी तबकडीवरचे लेबल पाहावे. त्यावर हाताने लिहिलेली एक सूचना आहे, आणि तिचा अर्थ असा, की कडकड ऐकू आली तरी चालेल, ती दुरुस्त करू नये. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेल्या या मैफलीचे मुद्रण होत असतानाच हे आवाज टेपवर उतरले होते आणि एलपी काढताना ते जाणूनबुजून तसेच ठेवले गेले. १९९५ च्या आवृत्तीत संगणकाच्या साहाय्याने ते काढण्यात आले.

तुमच्या प्रतीचा दोष ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. आडवा ओरखडा पडलेला असेल, तर ‘टक्’ असा आवाज बरोबर तेवढ्या अंतराने पुन्हा पुन्हा येतो आणि गाण्याच्या लयीशी त्याचा काही संबंध नसतो. टेपवरची चटचट अशी ठरावीक अंतराने येत नाही. घड्याळ हातात घेऊन एकदा ऐकून पाहा.

मंद्रसप्तक:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या तबकडीचे खरे वैभव तिथेच आहे. यात जॉन एंटविसलचा बास डावीकडे आणि पीट टाउनशेंडची गिटार उजवीकडे ठेवलेली आहे. रॉजर डॅल्ट्रीचा आवाज मध्यभागी येतो. त्यामुळे बॅलन्सचे बटण पूर्ण डावीकडे फिरवून एक अख्खी बाजू ऐका. एंटविसल राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे असलेल्या) तारा वापरत असे, म्हणून त्याच्या बासला पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखी धातूची झळाळी आहे, आणि तो केवळ खर्ज धरून बसत नाही. टाउनशेंड कॉर्ड (एकाच वेळी छेडलेले अनेक सूर) सोडून एकल वादनाकडे वळतो, तेव्हा मागे आधाराला दुसरी गिटार नसते; ती पोकळी बास धावत जाऊन भरतो. एकदा हे लक्षात आले, की दोन्ही बाजू एकत्र ऐकतानाही कान आपोआप डावीकडे जातो.

यानंतर फक्त कीथ मूनकडे लक्ष द्यावे. बहुतेक ड्रमवादक हाय-हॅटवर (पायाने उघडझाप करता येणाऱ्या झांजांच्या जोडीवर) ठेका धरून ठेवतात. तो मात्र मोठ्या झांजा आणि टॉमटॉम हे ड्रम यांच्यावरून गायकाच्या ओळीमागोमाग जातो. सुमारे पंधरा मिनिटांच्या ‘माय जनरेशन’मध्ये मूळ गाणे लवकर संपते आणि तिघे वादक एकमेकांचा कानोसा घेत एका धूनमधून दुसरीत शिरतात. पुढचे वळण आधी कोणी सुचवले हे शोधत ऐकण्यात मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत.

खर्ज:
वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण चटचट आहे तेच अस्सल, असे मानू नये. साथीच्या गायनाचा काही भाग नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन जोडलेला आहे, आणि पहिल्या एलपीत सहाच गाणी होती. १९९५ च्या सीडीत ती चौदा झाली. मैफलीचा ओघ समजून घ्यायचा असेल, तर सीडी ऐकणे भागच आहे. दोन आवृत्त्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठ्याने वाजणारी प्रत कानाला नेहमीच अधिक चांगली वाटते. या एका चुकीपायी मी स्वतः कितीतरी दिवस सीडीलाच वरचढ समजत होतो.

जुनी तबकडी:
सर्वांचे मनापासून आभार. घड्याळ लावून ऐकले: पहिल्या बाजूवर एकच ‘टक्’ दर १.८ सेकंदांनी येतो, तो माझ्या प्रतीचा ओरखडा. बाकीची चटचट कधीही येते, म्हणजे ती टेपवरचीच. उजवा चॅनल बंद करून ‘यंग मॅन ब्लूज’ ऐकले. सगळी वाद्ये एकदम थांबतात आणि डॅल्ट्री एकटा ओळ म्हणतो, त्या जागेनंतर बास किती घाईने आणि तरी किती नेमका परत येतो, हे मला आजवर कधीच ऐकू आले नव्हते. आता दुसरी बाजू लावतो आहे.