विषय: ॲडमिशन झाल्यावर ग्रेड घसरले तर?

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, चुकभूल द्यावी. आमच्या चिरंजीवांना यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) एका कॅम्पसची ॲडमिशन मिळाली, १ मेच्या आत कमिट पण करून झालं, आणि तेव्हापासून पोरगं जे सैल सुटलंय! काल रात्री ग्रेडचं पोर्टल उघडलं तर कॅल्क्युलसमध्ये सी आणि फिजिक्समध्ये ६८ टक्के, म्हणजे चक्क डी. विचारलं तर म्हणतो आई चिल, सगळेच सीनियर (बारावीवाले) असं करतात. आता म्हणतोय फिजिक्स ड्रॉपच करतो. आमच्या घरातले दुसरे विद्वान म्हणतात एकदा घेतलं की कॉलेजवाले परत बघत नाहीत. खरंच काढून टाकतात का हो? कोणाला अनुभव?

– वैशाली

---

वैशाली, ड्रॉप अजिबात करू देऊ नकोस!! ॲप्लिकेशनमध्ये फिजिक्स लिहिलंय ना, मग कॅम्पसला न विचारता तो विषय गायब झाला तर ते सी मिळण्यापेक्षा वाईट. आणि विद्वानांना सांग, बघतात. यूसीची ॲडमिशन असते प्रोव्हिजनल, म्हणजे अटींवर, पोर्टलवर अटींचं पान असतं जे पोरं न वाचता ॲक्सेप्ट करतात. त्यात बहुतेक ठिकाणी असं की सीनियर इयरला एकही डी किंवा एफ नको, वेटेड जीपीए (अवघड विषयांना जास्त वजन देऊन काढलेली ग्रेडची सरासरी) साधारण ३.० च्या खाली नको, आणि फायनल ट्रान्स्क्रिप्ट (शाळेचं अधिकृत गुणपत्रक) १ जुलैपर्यंत. म्हणजे कॅल्क्युलसच्या सी ची काळजी सोड, डी चं बघ. प्रायव्हेटमध्येही सुटका नाही, कॉमन ॲप (अनेक कॉलेजांना मिळून एकच फॉर्म) घेणाऱ्या कॉलेजांना शाळेचा काउन्सेलर वर्षाच्या शेवटी फायनल रिपोर्ट पाठवतोच.

२०१७ चं यूसी अर्व्हाइन आठवतंय का? उन्हाळ्यात ४९९ मुलांच्या ॲडमिशन काढल्या होत्या. त्या वर्षी अपेक्षेपेक्षा आठेकशे मुलं जास्त आली होती, मग अटी एकदम कडक झाल्या. निम्म्याहून जास्त जण नुसत्या ट्रान्स्क्रिप्ट वेळेत न पोचण्याच्या भानगडीत अडकले होते. बोंबाबोंब झाल्यावर चॅन्सेलरने माफी मागितली, त्यांना परत घेतलं, पण ज्यांचे ग्रेडच खराब होते त्यांना ती सवलत नव्हती. एरवी खपून जाईल ते जागा कमी पडल्या की खपत नाही, एवढं लक्षात ठेव.

– प्रमोद

---

प्रमोददादांना अनुमोदन. आमच्या लेकीचं सांगते, कॉलेजचं नाव नको. तिचे सगळे ए, आणि शेवटच्या सेमिस्टरला दोन सी आणि एक डी. जुलैच्या मध्यावर ईमेल, दहा दिवसांत खुलासा करा. तोपर्यंत आमचं डॉर्मचं डिपॉझिट भरून झालेलं, चादरीसुद्धा आणलेल्या! तिच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये काय, तर टीचर नीट शिकवत नाही, ग्रुप प्रोजेक्टमध्ये बाकीच्यांनी काम केलं नाही. तो मी पाठवू दिला नाही. दुसऱ्यात सरळ लिहिलं की ॲडमिशन मिळाल्यावर मी अभ्यास सोडला, आजारी वगैरे कोणी नव्हतं, समरमध्ये कम्युनिटी कॉलेजला तोच विषय घेतलाय. काउन्सेलरचं पण पत्र जोडलं. ठेवलं बाई त्यांनी, पण पहिल्या सेमिस्टरला प्रोबेशनवर, म्हणजे ग्रेडवर नजर ठेवून. ते दोन आठवडे घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

तुझ्याकडे अजून मे आहे गं, आमच्याकडे जुलै होता. त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच कळवा. आणि ईमेल त्यानेच लिहायची, तू नाही.

– सुनीता

---

६८ वर काय रडता, आमच्या वेळी ६८ ला पेढे वाटायचे 😀

– बापू

---

बापूकाका, पेढे तुम्ही आणा, मी खाते.

सगळ्यांचे आभार. आज काउन्सेलरला भेटून आलो. ट्रान्स्क्रिप्टवर पोर्टलचा आकडा जात नाही, सेमिस्टरचा ग्रेड जातो, आणि तो अजून लागायचाय. फिजिक्समध्ये तीन लॅब रिपोर्ट दिलेच नव्हते साहेबांनी, तिन्ही ठिकाणी शून्य! टीचर म्हणाले शुक्रवारपर्यंत दे, अर्धे मार्क देतो. तेवढ्यात सी होतोय, जेमतेम. डी राहिलाच तर कॅम्पसला काय कळवायचं ती ईमेल त्याने लिहून ठेवलीय, पहिल्याच ओळीत टीचरचा दोष होता, सुनीताताई, तुमची आठवण आली. खोडायला लावला.

पहिला रिपोर्ट लिहितोय आत्ता. फोन माझ्या पर्समध्ये आहे.

– वैशाली