‘शिशाचे तुकडे’ म्हणजे काचेचे? काँडोरवरच्या लेखात अडलेला एक शब्द

पाणकणीस
नमस्कार मंडळी. एका निसर्गविषयक मासिकासाठी कॅलिफोर्नियातल्या काँडोर पक्ष्यांवरचा लेख मराठीत आणते आहे. बाकी सगळं मार्गी लागलं, पण एका वाक्यावरून संपादकांशी जुंपली आहे. माझं वाक्य असं होतं: ‘रानात मोकळ्या फिरणाऱ्या काँडोरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अन्नातून पोटात जाणारे शिशाचे तुकडे.’ तपासून परत आलं ते ‘पोटात जाणारे काचेचे तुकडे’ होऊन. विचारलं तर म्हणाले, शिशाचे म्हणजे काचेचेच ना, वाचकाला सोपं केलं.

गंमत म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुढच्याच परिच्छेदात खरोखरची काच येते. काँडोरचे आईबाप पिलांसाठी बाटल्यांची बुचं, काचा, तारेचे तुकडे उचलून घरट्यात नेतात आणि चोचीतून भरवतात. पिलाच्या पोटात त्याचा गोळा साठतो आणि अन्न पुढे सरकत नाही. म्हणजे पिलं काचेने जातात आणि मोठे पक्षी शिशाने. वाचकाने या दोन्हींची सरमिसळ केली तर लेख लिहून उपयोग काय? काच रस्त्यावरच्या कचऱ्यातून येते, शिसं शिकाऱ्याच्या गोळीतून येतं. दोन्हींवरचे उपायही वेगळे.

धातूच आहे हे वाचताक्षणी कळेल असं काय लिहावं?

हेमाडपंती
तुमचं वाक्य शुद्ध आहे, बदलू नका. शिसे हे नपुंसकलिंगी नाम, संस्कृत सीस किंवा सीसक यावरून आलेलं. शिसा म्हणजे काचेची मोठी बाटली, तो फारसी शीशाचा मराठी अवतार, आणि शिशी त्याचंच धाकटं रूप. सामान्यरूप करताना दोन्हींचं ‘शिशा-’ होतं, जसं पैसा-पैशाचा. हिंदीत सीसा आणि शीशा वेगळे राहतात. तुमच्या संपादकांनी मराठी वाक्य हिंदीच्या कानाने वाचलं, एवढंच. भाषेने त्यांच्यासाठी वाकायचं कारण नाही. अडलं तर वाचक कोश उघडेल.

देवराई
कोश उघडेल हे कुठल्या वाचकाबद्दल बोलताय? मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात शिसं म्हटलं की मुलं पेन्सिल वर करून दाखवतात. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. ज्यांच्या मनात शिसं म्हणजे कागदावर काळी रेघ ओढणारी निरुपद्रवी वस्तू, त्यांना त्याने पक्षी मरतात हे पटणार कसं? सरळ ‘लेड’ लिहा. रंगात लेड असतं, बॅटरीत लेड असतं, हे त्यांना ठाऊक आहे. ऐकताच धोका कळतो.

हेमाडपंती
मग तांब्याला कॉपर आणि लोखंडाला आयर्नही लिहू या. ‘कानात तापलेलं शिसं ओतावं तसं’ हे आजही सगळे बोलतात ना? तिथे कुणाला पेन्सिल आठवत नाही.

पागवाला
आमच्याकडे कोकणात पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, विणून झाला की घेराला शिशाच्या गोळ्या ओवतात, तेव्हा कुठे तो पाण्यात बसतो. बाजारात ‘शिसां दे’ म्हटलं की दुकानदार तराजू काढतो. कोणी काच देत नाही. शब्द मेलेला नाही, शहरात वापर कमी झालाय इतकंच.

खिळेजुळारी
माझे वडील हयातभर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवत. ते खिळे शिशाचेच, सोबत थोडं कथील आणि अँटिमनी. संध्याकाळी घरी आले की नखांच्या कडा काळ्या असायच्या आणि आई राखेने हात घासून घेतल्याशिवाय ताटाला हात लावू देत नसे. छापखान्यातली जुनी माणसं म्हणायची, अमक्याच्या अंगात शिसं भिनलंय. ‘विषबाधा झाली’ असं कधी कोणी म्हटलं नाही.

मला वाटतं ताईंच्या प्रश्नाचं उत्तर नामात शोधू नये, क्रियापदात शोधावं. ‘विषबाधा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लग्नातलं जेवण आणि उलट्या येतात. सकाळी खाल्लं, दुपारी दवाखान्यात. शिसं तसं वागत नाही. ते थोडं थोडं रक्तात उतरतं, हाडात जाऊन बसतं आणि माणूस चालताबोलता खंगतो. काच भिनत नाही. विष भिनतं, दारू भिनते, शिसं भिनतं. ‘शिसं अंगात भिनून काँडोर मरतात’ असं लिहा. धातू आहे हेही कळेल आणि मरण कसं येतं तेही.

पाणकणीस
हे फार आवडलं! मूळ लेखात वर्णन आहेच: शिशाने पचनाचे स्नायू लुळे पडतात, गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली असते आणि पक्षी उपासमारीने मरतो. ‘भिनणे’ तिथे चपखल बसेल.

आडरान
भिनणे उत्तम, पण माझा आक्षेप ‘तुकडे’ या शब्दाला आहे. सगळा घोळ त्यानेच केलाय, कारण तुकडे म्हटलं की काचच आठवते. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. शिशाच्या गाभ्याची रायफलची गोळी हरणाला लागली की आत शिरताना फुटते आणि तिचा शेकडो कणांत चुरा होतो. हे कण जखमेपासून वीतभर लांबच्या मांसातही सापडतात, क्ष-किरणांनी काढलेल्या फोटोत पांढरे ठिपके दिसतात. शिकारी मांस घेऊन जातो आणि कोथळा तिथेच टाकतो. काँडोर एकटा जेवत नाही, सगळा थवा उतरतो, म्हणून एका जनावरातून अनेकांच्या पोटात शिसं जातं. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडक्या मांसातले जंतू त्यात मरतात, आणि तेच आम्ल शिसंही विरघळवून रक्तात सोडतं. बारीकसा कणसुद्धा पुरतो.

तेव्हा ‘गोळीतल्या शिशाचा चुरा’ किंवा ‘शिशाची कणी’ म्हणा. आणि ‘शत्रू’ही नको. शत्रू म्हटला की कोणीतरी नेम धरून मारतंय असं वाटतं. इथे नेम हरणावर होता.

सातपुडा
चर्चा चांगली चालली आहे, पण मुळात ‘काँडोर’ कशाला? आपल्याकडे गिधाड हा धडधाकट शब्द असताना? ‘अमेरिकी महागिधाड’ लिहा. पंखांचा पसारा साडेनऊ फूट, डोकं बोडकं, मेलेलं खातो. गावाकडचा माणूस चित्र बघताच गिधाड म्हणेल.

आडरान
चित्र बघून म्हणेल, पण आपली गिधाडं गरुड-घारींच्या कुळातली आहेत. काँडोर अमेरिकेतल्या वेगळ्या कुळातला. सारखं काम करता करता दोघं दिसायला सारखे झाले. काँडोरला तर आवाज काढायचा अवयवच नाही, नुसता फुत्कारतो आणि घुरघुरतो.

सातपुडा
नीलगाय कुठे गाय असते? लोकांनी नाव दिलं आणि ते चाललं. नावं प्रयोगशाळेत विचारून ठेवायची नसतात.

देवराई
माझं कारण निराळं आहे. मराठीत गिधाड ही शिवी झाली आहे. निवडणुकीत, जमिनीच्या व्यवहारात, बातमीत, कुठेही ‘गिधाडांसारखे तुटून पडले’. मूळ संस्कृत गृध्रच मुळी गृध् म्हणजे हाव धरणे या धातूवरचा. ज्याला वाचवा म्हणून सांगायचं त्याचं नावच हावरट!

सातपुडा
म्हणून नाव टाकून द्यायचं? मग आपली पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडं काय म्हणून वाचवणार? गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने ती लाखोंनी मेली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तेव्हा महाराष्ट्रात गावोगाव फिरून माणसं ‘गिधाड’ याच नावाने बोलली आणि लोकांनी ऐकलं. जटायूही गिधाडच होता. शब्दाला वाळीत टाकलं की तो सुधारत नाही, चांगल्या वाक्यांत पुन्हा पुन्हा वापरला की सुधारतो. आणि दोन्हीकडची गोष्ट एकच आहे हे तरी बघा. तिकडे गोळी हरणाला मारली, इकडे औषध गाईला दिलं, आणि मेलं ते मेलेलं खाणारं पाखरू. ‘महागिधाड’ म्हटलंत तर मराठी वाचकाला हा धागा आपोआप सापडेल. ‘काँडोर’ म्हटलंत की ते परदेशातलं काहीतरी होऊन बसतं.

हेमाडपंती
काँडोर परका मानायचं कारण नाही. संस्कृतात कंधर म्हणजे मान. या पक्ष्याची ओळखच उघडी मान आणि तिच्याभोवतीची पिसांची झालर. कंधर, कंदोर, काँडोर. नातं तपासण्यासारखं आहे.

फ्रिमाँटकर
हेमाडपंती, हे नातं जुळत नाही. शब्द अँडीज पर्वतातल्या क्वेचुआ भाषेतला, मूळ उच्चार कुन्तुर. तो स्पॅनिश लोकांनी कोन्दोर असा उचलला, तिथून इंग्रजीत आला. तिकडचा अँडियन काँडोर बोलिव्हिया, चिली, कोलंबिया, इक्वेडोर यांचा राष्ट्रीय पक्षी आहे. कॅलिफोर्नियातल्या पक्ष्याला तिथल्या आदिवासींची स्वतःची नावं आहेत. युरोक लोक त्याला प्रे-गो-नीश म्हणतात. २०२२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उत्तर कॅलिफोर्नियात रेडवुडच्या जंगलांवर काँडोर पुन्हा उडाले.

मी कॅलिफोर्नियातच, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात राहतो. बिग सरच्या किनारी रस्त्यावर वळणावर गाडी थांबवली होती, तर कठड्यापलीकडच्या वाळक्या झाडावर एक पंख पसरून ऊन खात बसला होता. डोकं नारिंगी, पंखाखाली पांढरा पट्टा, खांद्यावर क्रमांकाचा बिल्ला आणि शेपटीजवळ रेडिओची बारीक तार. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी क्रमांक बघून त्याची सगळी कुंडली सांगितली. वाऱ्यावर उठला तेव्हा पंखाच्या टोकाची पिसं बोटांसारखी फाकली आणि त्यांतून वाऱ्याचा घोंघाट ऐकू आला. मला तेव्हा मराठीत ‘गिधाड’ म्हणावंसं वाटलं नाही. काय म्हणावं तेही सुचलं नाही.

सातपुडा
सुचलं नाही म्हणूनच म्हणतो, ‘महागिधाड’.

पाणकणीस
नावाचा निर्णय संपादकांनी केलेला आहे, ‘काँडोर’च राहणार. मला मृत्यूच्या कारणाचं वाक्य हवंय. शिवाय आता आणखी एक अडचण. लेखात अर्जेंटिनातला प्रसंग आहे. २०१८ च्या जानेवारीत मेंडोसा प्रांतात ३४ अँडियन काँडोर एकाच ठिकाणी मेलेले सापडले. कार्बोफ्युरान हे कीटकनाशक लावलेलं मढं तिथे होतं. अशी आमिषं तिकडचे गुरंवाले प्यूमासारख्या शिकारी प्राण्यांसाठी ठेवतात. याला काय म्हणू?

खिळेजुळारी
तो विषप्रयोग. कोणीतरी जाणूनबुजून विष ठेवलं, मग ते प्यूमासाठी का असेना. म्हणजे तीन शब्द तीन ठिकाणी: आमिषात घातलं तर विषप्रयोग, चुकून खाल्लं आणि लगेच परिणाम झाला तर विषबाधा, हळूहळू अंगात मुरलं तर भिनणे. मराठीला हा भेद येतो, वर्तमानपत्रांनी तिन्ही एकाच ‘विषबाधे’त कोंबले.

हेमाडपंती
‘भिनणे’ बोलीतलं आहे. कायद्याच्या संदर्भात ‘शिसे-विषाक्तता’ हवं. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदीचा कायदा केला, तो टप्प्याटप्प्याने १ जुलै २०१९ पासून पूर्ण लागू झाला. असल्या मजकुरात ‘भिनणे’ कसं दिसेल?

देवराई
चांगलं दिसेल! विषाक्तता कोण म्हणतं हो घरी? ॲरिझोनात कायद्याऐवजी शिकाऱ्यांना समजावून, तांब्याच्या गोळ्या फुकट देऊन काम चालवलं. त्या शिकाऱ्यांशी विषाक्ततेच्या भाषेत बोलले असते तर एकानेही गोळी बदलली नसती.

पागवाला
‘बंदिस्त प्रजनन’ कुणी लिहिलं आहे का लेखात? असेल तर ‘पैदास’ करा.

सातपुडा
पैदास कोंबड्या-डुकरांची. ‘पिंजऱ्यातली वीण’ म्हणा. १९८२ मध्ये जगात मिळून २२ काँडोर उरले होते. १९८७ च्या एप्रिलमध्ये रानातला शेवटचा नर पकडला तेव्हा २७, सगळे पिंजऱ्यात. तिथून आज पाचशेच्या वर गेले, त्यातले निम्म्याहून जास्त मोकळे. एवढं मोठं काम, त्याला ‘वीण’सारखा घरचा शब्द शोभतो. काँडोर एकच अंडं घालतो, तेही बहुधा वर्षाआड. पण ते काढून घेतलं की मादी दुसरं घालते. माझी आजी कोंबडी खुडूक बसू नये म्हणून अंडी उचलायची, तीच युक्ती. काढलेलं अंडं यंत्रात उबवायचं आणि पिलू माणसाला सोकावू नये म्हणून काँडोरच्या डोक्याची बाहुली हातावर चढवून भरवायचं.

आडरान
वीण म्हणजे विणकामाचीही होते, मग पुन्हा संपादक स्वेटर समजतील. ‘प्रजनन’ला काय झालं? आणि आकड्यांवर समाधान मानू नका. सोडलेले पक्षी आजही पकडून रक्तातलं शिसं तपासावं लागतं, जास्त निघालं तर ते उतरवणारी औषधं टोचावी लागतात. २०२० च्या डोलन वणव्यात बिग सरचे डझनभर गेले, २०२३ मध्ये बर्ड फ्लूने ॲरिझोना-यूटाच्या थव्यातले २१ गेले. सहा-सात वर्षांचा होईपर्यंत जो पक्षी वीत नाही, त्यातला प्रत्येक मोठा पक्षी जाणं महागात पडतं.

देवराई
बघा, ‘वीत नाही’ तुम्हीच लिहिलंत.

खिळेजुळारी
जाता जाता: शिसवी लाकूड हा शब्द शिशावरूनच ना? रंग तसाच काळपट आणि वजनालाही जड.

हेमाडपंती
नाही. तो संस्कृत शिंशपावरून. शिशाशी काही संबंध नाही.

पागवाला
आमच्याकडे सुतार म्हणतात शिशासारखं जड म्हणून शिसवी. कोशापेक्षा त्यांनी जास्त शिसव हाताळलाय.

हेमाडपंती
रंधा मारण्याचा आणि व्युत्पत्तीचा काय संबंध? उद्या शिशिर ऋतूही शिशाचा म्हणाल.

पाणकणीस
मंडळी, शिसवीसाठी वेगळा धागा काढा ना. सध्या संपादकांना हे पाठवलं आहे: ‘शिकाऱ्याच्या गोळीतल्या शिशाचा चुरा टाकून दिलेल्या कोथळ्यातून काँडोरच्या पोटात जातो आणि अंगात भिनतो.’ सातपुडा आणि हेमाडपंती दोघांनाही हे पसंत पडणार नाही याची कल्पना आहे. त्यांचं उत्तर येईपर्यंत एक राहिलेलं: पक्ष्याच्या गळ्याखालच्या त्या अन्नाच्या पिशवीला तुमच्या भागात काय म्हणतात? पाठ्यपुस्तकातला ‘अन्नपुट’ नको. कोंबड्या पाळणाऱ्यांकडे नक्की शब्द असणार.