लाकडी ठसा आणि लिनोकट: फरक बराच आहे

एकांनी विचारलंय की लाकडावर कोरलेली प्राण्यांची, झाडांची छापचित्रं (वुड एन्ग्रेव्हिंग) आणि लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून छापलेलं चित्र, यांत फरक तो काय, दोन्ही ठसेच ना. फरक लाकडातच आहे. उभ्या फळीवर कोरताना तंतू हत्याराला आपल्या दिशेने ओढतात. वुड एन्ग्रेव्हिंगमध्ये मात्र खोडाचा आडवा छेद घेतात, तोही बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडाचा. त्यावर ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, हवं तसं वळतं आणि केसाएवढी रेघ निघते. मऊ लिनोवर ती बारकाई जमत नाही. कोरलेलं पांढरं राहतं, उरलेलं काळं छापतं, त्यामुळे कलाकार काळोखातून उजेड काढत जातो. इंग्लंडच्या थॉमस ब्युइकने (१७५३–१८२८) पक्षी, जनावरं अशीच कोरली. ठसा खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या उंचीचा, म्हणून मजकुराबरोबर एकाच दाबात छापला जाई. आपल्याकडच्या हरेन दास (१९२१–१९९३) यांची लाकडावरची कामं तर बघाच.

छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, त्या गोव्यातल्या मुलांनी हे माध्यम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. विषय दारातच आहेत. गव्याचं काळंभोर अंग आणि गुडघ्याखालचे पांढरे पाय. मोलेच्या रानातल्या ऐनाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी साल. हे ब्युरिननेच कोरावं!

विकत घेणाऱ्यांनी चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेला आकडा बघावा. ७/४० म्हणजे चाळीस प्रतींतली सातवी. ती हाताने छापलेली मूळ कलाकृतीच असते, झेरॉक्स नव्हे.